कविवर्य नारायण सुर्वे : पहिली कविता आणि नंतरची कविता



विठ्ठलवाडीहून कर्जतची गाडी धरली, की अंबरनाथ, बदलापूर आणि वांगणी मागे टाकीत ती नेरळला पोहोचते. कविवर्य नारायण सुर्वे यांनी आपल्या उत्तरायुष्यातील वर्षे या नेरळमध्ये घालविली. आपल्याच मार्गावरील या कवीचे स्मरण करताना त्यांच्या काव्यवाचनाचा विचार प्रथम मनात येतो.

मुंबईच्या रस्त्यावर सापडलेल्या अर्भकाला गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या कामगार दांपत्याने वाढविले व नाव दिले. गिरणीतील कामगार, शाळेतील शिपाई आणि पुढे शिक्षक असा त्यांचा प्रवास झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह १९६२ मध्ये आला, तर ‘नव्या माणसाचे आगमन’ १९९५ मध्ये. मधल्या ३३ वर्षांत ‘माझे विद्यापीठ’ व ‘जाहीरनामा’ हे दोन संग्रह. एवढ्या थोड्या कवितांवर एवढा मोठा श्रोतृवर्ग क्वचितच कोणास लाभला असेल.

व्यासपीठावर कवी नवे काही वाचू पाहतो आणि सभागृह जुन्याची मागणी करते. सुर्वे यांच्या वाट्यालाही हे आले. मुलाला शाळेत घालावयास आलेली, बापाच्या नावाची रिकामी जागा मास्तरांच्याच नावाने भरावयास सांगणारी त्यांची आई श्रोत्यांना पुन्हा पुन्हा हवी असे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या, १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेल्या या गावाला नोंदवहीतील नावाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु जुनी कविता पुन्हा वाचणे हे कवीला सोपे नसते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि असंख्य कुटुंबांचा गिरणीशी असलेला संबंध कायमचा तुटला. १९६२ च्या कवितेत जो कामगार जग बदलण्याची भाषा बोलतो, तोच पुढे श्रोत्यांत बेकार होऊन बसलेला. शब्द तेच राहिले, तरी त्यांतील आश्वासनाचा हिशेब आता कवीकडे मागितला जाणार होता. ‘जाहीरनामा’ १९७५ चा, म्हणजे संपापूर्वीचा. शेवटचा संग्रह त्यानंतरचा. त्यातील स्वर अधिक चिंतनशील आहे. पहिल्या संग्रहाची धग त्यात तितकीशी नाही, हे मान्य केले पाहिजे. जुन्याची मागणी करणारे श्रोते अगदीच चुकत नव्हते. (आपल्याकडे शेवटची ओळ संपण्यापूर्वीच टाळ्या पडतात, तो भाग वेगळा.) मात्र दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्या, म्हणजे पहिल्या कवितेतील निर्भयता किती महाग होती, ते उमगते.

१९९५ मध्येच परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, १९९८ मध्ये पद्मश्री. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते निवर्तले. त्यांच्या कविता बोलण्यासाठी घडलेल्या आहेत. घरी दोन्ही संग्रह काढावेत, आधी १९६२ चा, मग १९९५ चा, आणि मुलांना जवळ बसवून मोठ्याने वाचावेत.