उन्हाचा हप्ता

आम्हा कवींच्या लेखी सूर्य सगळ्यांचा. झोपडीवर आणि हवेलीवर तो सारखाच तापतो. पण त्याच उन्हाचा दिवा करायचा म्हटलं, की प्रश्न येतो पैशाचा. त्यातही, एवढी रक्कम एकदम कुठून आणायची, याचा.

रॉकेलचा दिवा गरिबाला महागच पडायचा. तरी तो टिकला, कारण रॉकेल बाटलीभर मिळायचं, त्या दिवसाच्या कमाईतून. सौर दिव्याचं उलटं. त्याला इंधनाचा खर्च नाही, पण पुढच्या कित्येक वर्षांच्या उजेडाची किंमत पहिल्याच दिवशी मोजावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्यानं ती कशी मोजावी?

बांगलादेशात १९९६ साली सुरू झालेल्या ग्रामीण शक्ती या संस्थेनं ही गाठ सोडवली. थोडी रक्कम आधी, बाकीची महिन्याच्या हप्त्यांनी. २००३ पासून इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेनं अशा संस्थांना सवलतीचं कर्ज पुरवलं आणि ४० लाखांहून अधिक सौरसंच घरोघर बसले. पुढे विजेच्या तारा पोहोचल्या, तशी ही मागणी ओसरली; पण तोवरचा काळ अंधारात गेला नाही.

केनियात २००७ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा आली. बँकेची पायरी न चढलेल्या माणसाच्या हाती जणू खातंच आलं. तिच्याच आधारानं २०१२ पासून एम-कोपा कंपनी रोजच्या काही शिलिंगांवर सौरसंच देऊ लागली. पैसे थकले, की मात्र दिवा बंद. हप्त्याचा हा जाचही विसरून चालणार नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठेवलं, तारणाशिवाय कर्जाची सोयही केली. पण अनुदान हाती येतं ते संच बसल्यावर. आणि घराचं छप्पर स्वतःचं लागतं. भाड्याच्या खोलीतल्या कुटुंबानं काय करावं?

२०१४ पासून जनधन योजनेत कोट्यवधी खाती उघडली. पण खातं असणं वेगळं आणि पत असणं वेगळं. जी बाई वर्षानुवर्षं न चुकता विजेचं बिल भरते, तिच्याकडच्या पावत्यांची चळत हीच तिची पत का मानू नये? ऊन तिच्या दारात रोज येतं. आता बँकेनंही यावं.