विवाल्दीचा गोल्डफिंच

गोल्डफिंच हा चिमणीहूनही किंचित लहान असा युरोपातला पक्षी. तांबडा चेहरा, काळ्या पंखांवर पिवळाजर्द पट्टा आणि अखंड किलबिल. व्हेनिसच्या आन्तोनियो विवाल्दी या संगीतकारानं या पक्ष्याला थेट वाद्यवृंदात आणून बसवलं. ‘इल गार्देल्लीनो’, म्हणजे ‘गोल्डफिंच’, हा त्याचा फ्लूट आणि तंतुवाद्यांसाठीचा कॉन्चेर्तो: एकल वादक आणि वृंद यांच्यातला संवाद.

१७२९च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमच्या मिशेल-शार्ल ल सेन या प्रकाशकानं विवाल्दीचे सहा फ्लूट कॉन्चेर्तो छापले. त्यांतला पहिला समुद्रातल्या वादळाचा, दुसरा रात्रीचा आणि तिसरा या पक्ष्याचा. आडव्या फ्लूटसाठीचे कॉन्चेर्तो छापून येण्याची तेव्हा नुकती कुठे सुरुवात होत होती.

त्या काळचा फ्लूट लाकडी होता. बोटांसाठी सहा भोकं आणि उजव्या करंगळीखाली एकच चावी. भोकं क्रमानं उघडत गेलं की त्यातून डी मेजर या स्वरमालेचे स्वर मोकळे, खणखणीत निघत; इतर स्वरांसाठी बोटांची आडवळणी मांडणी करावी लागे आणि आवाज दबे. ‘गार्देल्लीनो’ डी मेजरमध्येच आहे. पक्ष्याला उडायला विवाल्दीनं वाद्यातली सगळ्यात मोकळी जागा दिली.

पहिल्या भागात सारी वाद्यं मिळून एक ठसठशीत चाल मांडतात. ख्यालातल्या मुखड्यासारखी ती पुन्हा पुन्हा परत येते. पण पहिल्यांदा ती संपते तेव्हा व्हायोलिनं, चेलो, हार्पसिकॉर्ड सगळे गप्प होतात आणि फ्लूट एकटाच बोलू लागतो. एकाच स्वरावर टकटक, मग दोन शेजारच्या स्वरांमध्ये फडफड, मग ट्रिल, म्हणजे तीच फडफड लांबवलेली. ठेका सैल सुटलेला असतो. पुढे व्हायोलिनंही त्याला साद देतात.

निव्वळ नक्कल असती, तर ही गंमत मिनिटभरात ओसरली असती. विवाल्दीची खरी करामत रचनेत आहे: एकल वादक मोकळा सुटतो, वृंद त्याला चालीवर परत आणतो. कॉन्चेर्तोचा हा मूळ खेळच इथे पक्ष्याच्या गोष्टीला पुरतो.

मधल्या भागात व्हायोलिनं पूर्ण विश्रांती घेतात. उरतो फ्लूट आणि खर्जाची साथ. संथ, झुलत्या लयीतली सुरावट. इथे किलबिल नाही, गाणं आहे. शेवटचा भाग पुन्हा द्रुत, आणि पक्षी पुन्हा हजर.

सगळा कॉन्चेर्तो दहा-बारा मिनिटांचा. शक्य झाल्यास त्याची दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत: एक आजच्या धातूच्या फ्लूटवरचं, दुसरं जुन्या लाकडी फ्लूटवरचं. धातूचा फ्लूट अधिक दमदार, सगळे स्वर सारख्याच वजनाचे. लाकडी फ्लूटचा आवाज लहान आणि फुंकरीचा, आणि सुरुवातीच्या त्या एकट्या जागेत त्याचे ट्रिल पक्ष्याच्या गळ्याच्या जास्त जवळ जातात.