शास्त्रज्ञाचे बैल

सर अल्बर्ट हॉवर्ड म्हटले की लोक कंपोस्टचा खड्डा सांगतात. साहेबांचे बैल मात्र कोणी सांगत नाही. मला बैलांबद्दलच बोलायचे आहे.

हॉवर्ड वनस्पतिशास्त्राचे. वेस्ट इंडीजमध्ये पिकांच्या रोगांवर काम करताना त्यांना एकच सलत होते: मळेवाल्यांना उपाय सांगायचा, पण करून पाहायला स्वतःचे वावर नाही. १९०५ साली बिहारात पुसाच्या शेती-संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी जमीन मागून घेतली. ७५ एकर! आसपासच्या शेतकऱ्यांना गुरू केले. पुढे बैलही आपल्या ताब्यात घेतले, दाणावैरण आपल्या देखरेखीखाली. शेजारच्या गोठ्यात लाळ-खुरकूत आली, मध्ये बुटके कुंपण, जनावरे नाकाला नाक घासायची. तरी माझे बैल धडधाकट राहिले, असे ते लिहून गेलेत. पण म्हणून तुम्ही लस चुकवू नका हं! मुद्दा लशीचा नाही. बैल त्यांचे होते. अंदाज चुकला तर दावण त्यांचीच रिकामी होणार होती.

१९२४ मध्ये इंदूरला शेती-संशोधन संस्थेचे संचालक झाले. संचालक म्हणजे खुर्ची, असे आपण धरून चालतो. इथे होळकर संस्थानची ३०० एकर जमीन होती आणि कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग. पऱ्हाटी कुजता कुजत नाही. मग ती रस्त्यावर पसरली, गाड्यांच्या चाकांखाली चुरली, बैलांखाली अंथरली, गोमूत्रात भिजली की खड्ड्यात. सहकारी यशवंत वाड. या पद्धतीवरचे १९३१ चे पुस्तक दोघांच्या नावावर आहे. आपल्याकडे अजून पऱ्हाट्या पेटवतात. काय म्हणावे!

नव्या खड्ड्यात आधीच्या, कुजत असलेल्या खड्ड्यातले थोडे घालायचे. बायांनो, हे विरजणच. दूध कढत नको, गार नको. तसा इथे ओलावा बेताचा. दह्याला हलवायचे नाही, खत मात्र तीनदा उलथायचे, तीनेक महिन्यांत तयार. आणि खरे सांगू? शेतकी विद्यापीठांनाही हेच विरजण हवे. हाताला माती लागलेला एखादा तरी माणूस वरच्या खुर्चीत असला, तर बाकीचे दूध विरजते, नाहीतर नुसते नासते. पुन्हा सांगतो, खड्डा नंतर. आधी बैल.

पलीकडून घड्याळ दाखवताहेत, म्हणून जाता जाता एवढेच. गॅब्रिएलबाई, हॉवर्डांच्या पत्नी, याही वनस्पतिशास्त्रज्ञ. पुसाचे नामांकित गहू दोघांनी मिळून काढले. ते पुढच्या खेपेला, वेळ दिलात तर.