पारावरचं कारण, शेऱ्यातलं कारण

समुपदेशनाचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मुकुंदराज आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईत स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनापासून स्वागत करतो.

मी समुपदेशक नाही, निवृत्त मुख्याध्यापक आहे. म्हणजे माणसांच्या वागण्याला कारणं चिकटवायचा सराव मला तुमच्यापेक्षा जास्त! प्रगतिपुस्तकात 'अभ्यासात रस नाही' हा शेरा मी किती जणांना दिला, मोजदाद नाही. त्यातली कितीतरी मुलं दसरा झाला की आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. मुकादमाची उचल घेतलेली. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, मुक्काम कारखान्यावरच. परत यायची तोवर वर्गाचे अपूर्णांक शिकून झालेले असायचे. संध्याकाळी पारावर बसलो की हे सगळं मला ठाऊक असायचं. लाल पेन हातात आलं की विसरायचो.

मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी १९८४ साली म्हैसूरच्या आणि अमेरिकेतल्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. अमेरिकन प्रौढ वागण्याचं कारण स्वभावात जास्त शोधत, म्हैसूरचे हिंदू प्रौढ परिस्थितीत. लहान मुलांत मात्र फारसा फरक नव्हता. आपण म्हैसूरच्या बाजूचे, असं वाचताना वाटतं खरं. पण ते पारावर. खुर्चीत बसल्यावर मी तरी अमेरिकन व्हायचो.

खुर्चीवरून आठवलं. १९७४ चा लँगर आणि एबलसन यांचा प्रयोग तुम्ही अभ्यासला असेल. मुलाखतीची चित्रफीत एकच. काही चिकित्सकांना सांगितलं, हा नोकरीचा उमेदवार. काहींना सांगितलं, हा रुग्ण. मनोविश्लेषणाच्या घराण्यातल्यांना 'रुग्ण' ऐकल्यावर तोच माणूस बराच जास्त बिघडलेला दिसला. वर्तनचिकित्सेच्या घराण्यातल्यांवर त्या शब्दाचा तेवढा परिणाम झाला नाही. गाणाऱ्याचं घराणं कानाला कळतं. आपलं कारणांचं घराणं आपल्याला कळतं का, हे दोन दिवस इथल्या जाणकारांना जरूर विचारा.

संतकवी दासोपंतांची पासोडी याच गावातली. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं, देह कशाकशाचा बनतो ते. काल एका विद्यार्थिनीनं मला तिचा सरावाचा केसपेपर दाखवला. त्यात माणसाच्या वागण्याचं 'कारण' लिहायच्या रकान्याला मात्र दीडच ओळ होती. तिनं ती एका शब्दात भरली होती: 'हट्टी'.

जेवणाची सोय मागच्या मांडवात आहे. आमटी तिखट लागेल. तो आचाऱ्याचा स्वभाव की आमच्याकडची मिरची, हे तुम्हीच ठरवा.