मळांतून प्रभा

मुंबईंत माटुंगा येथें निराधार कुष्ठरुग्णांसाठीं एक आश्रयस्थान होतें. १८९७ सालीं तेथील मैला बंद टांकींत सांठवून त्यापासून निघणारा वायु दिवाबत्तीकडे वापरण्यांत आला, आणि १९०७ मध्यें त्याच वायूवर एंजिनही चालविण्यांत आलें. समाजानें ज्यांना दूर सारलें होतें, त्यांच्या मळापासून हा प्रकाश निर्माण झाला. या वायूचा प्रश्न जितका रसायनशास्त्राचा, तितकाच तो माणसाच्या किळसेचाही आहे, हें त्याच्या पुढील इतिहासावरून दिसून येतें.

दलदलीचा तळ काठीनें ढवळला असतां बुडबुडे वर येतात. १७७६ सालीं इटलींतील माज्जोरे सरोवराच्या कांठीं अलेस्सांद्रो व्होल्टा यानें ते गोळा करून पाहिले, तों तो वायु पेट घेतो असें त्यास आढळलें. हाच मिथेन. हवेचा संपर्क नसतांना सेंद्रिय पदार्थ कुजूं लागले, म्हणजे सूक्ष्म जंतु त्यांचें विघटन करतात. कांहीं जातींनीं आम्लें तयार करावीं आणि दुसऱ्या जातींनीं त्यांपासून मिथेन करावा, अशी त्यांच्यांत कामाची वांटणीच असते. निघालेल्या वायूंत निम्म्याहून अधिक मिथेन व बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. तीस ते पस्तीस अंश सेल्सिअसच्या उबेंत हे जंतु जोमानें काम करतात. थंडी पडली कीं मंदावतात.

भारतीय शेतकऱ्याच्या घरीं शेणाला दोन धनी असतात. चूल गोवऱ्या मागते आणि शेत खत मागतें. गोवरी जाळली कीं तींतील नत्र धुराबरोबर निघून जातें. शेण उकिरड्यावर टाकलें तर सरपणासाठीं घरच्या बायकांना रानोमाळ हिंडावें लागतें. गोबरगॅसनें हा तंटा मिटविला. वायूच्या रूपानें शेणांतून मुख्यतः कर्ब व हायड्रोजन बाहेर पडतात. नत्र, स्फुरद व पालाश हीं पिकांचीं पोषक द्रव्यें मागें उरणाऱ्या पातळ मळींत राहतात आणि ती मळी खत म्हणून शेतास देतां येते.

दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेंत १९३९च्या सुमारास या दिशेनें प्रयोग झाले. १९५१ सालीं जशभाई पटेल यांनीं ‘ग्रामलक्ष्मी’ नांवाचें संयंत्र सिद्ध केलें. विहिरीसारख्या खड्ड्यावर लोखंडी पिंप उपडें ठेवलेलें असतें. वायु सांठेल तसें तें वर येतें व वापरला जाईल तसें खालीं बसतें. त्यामुळें शिल्लक किती आहे हें गृहिणीला डोळ्यांनींच कळतें. खादी व ग्रामोद्योग आयोगानें हा नमुना पुढें खेडोपाडीं नेला. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारें ५० किलो शेण व तितकेंच पाणी लागतें आणि पांच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. पण तेवढ्या शेणाला चार-पांच जनावरें हवींत. ज्याच्या दावणीला एकही जनावर नाहीं, त्यानें काय करावें?

याचें उत्तर कोकणांत शोधलें गेलें. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैला साफ करण्याचें काम आपणांस मिळावें म्हणून उपवास केला होता. त्यांच्या पाठिंब्यासाठीं गांधीजींनींही येरवड्यास उपवास आरंभिला. हें काम एकाच जातीच्या माथीं मारणें अप्पासाहेबांना अन्याय्य वाटत होतें. कणकवलीच्या गोपुरी आश्रमांतून त्यांनीं पुढें सोप्या संडासांचा प्रसार केला आणि संडासाला जोडलेलें वायु-संयंत्रही घडविलें. त्याचें नांव ‘मलप्रभा’. मैला टांकींत आपोआप उतरतो, कोणास तो डोक्यावरून वाहावा लागत नाहीं आणि स्वयंपाकघरांत शेगडी पेटते.

परंतु या शेगडीवर शिजलेलें अन्न खावें कीं नाहीं, याविषयीं लोकांच्या मनांत शंका असे. ज्योत निळी असते व भांड्यावर काजळी धरत नाहीं. तरी मनाची समजूत पटण्यास वेळ लागतो. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केलेले डॉ. मापुसकर यांनीं ‘मलप्रभे’ंत सुधारणा केली आणि संडासाच्या प्रसारासाठीं आयुष्य वेंचलें. २०१७ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली.

एका कुटुंबाच्या मैल्यापासून निघणारा वायु साऱ्या स्वयंपाकाला पुरत नाहीं. त्यास शेणाची किंवा खरकट्याची जोड द्यावी लागते. शहरांतल्या घरांना यांत वांटा घेतां येतो, कारण शिळा भात व पिष्टमय पदार्थ शेणापेक्षां लवकर वायु देतात. मात्र संयंत्र एकदां बांधलें म्हणजे संपलें, असें नाहीं. पिंप गंजतें, नळींत पाणी सांचतें, आणि रोजचा घास चुकला कीं जंतु उपाशी राहतात. सरकारी साहाय्यानें उभारलेलीं कित्येक संयंत्रें अशा हयगयीनेंच बंद पडलीं. गाईगुरांची वैरण जशी कोणी विसरत नाहीं, तशी या टांकीची वैरणही ज्या घरांत विसरली जात नाहीं, त्या घरांतली शेगडी वर्षानुवर्षें पेटत राहते.