बोलोन्याच्या पोळपाटावर

परगावी गेलेला मनुष्य पूर्वी साधारणपणे तीन कामे उरकीत असे. देवदर्शन, नातलगांची भेट आणि बाजार. पुढे त्यात वस्तुसंग्रहालये आली, किल्ले आले, समुद्रकिनारे आले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रवाशांच्या टिपणवहीत आणखी एक नोंद दिसू लागली आहे, आणि ती म्हणजे त्या गावचा एखादा पदार्थ त्या गावच्या माणसाकडून, त्याच्या ओट्यापाशी उभे राहून, आपल्या हातांनी करावयास शिकणे. इटलीत तर याचा मोठा व्यवसाय झाला आहे. बोलोन्या शहरात २००४ साली ‘चेझारीने’ या नावाने घरगुती स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचे एक मंडळ निघाले. आज रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या यांपैकी कोणत्याही शहरात संध्याकाळी फिरताना एखाद्या उघड्या खिडकीतून आठ-दहा परदेशी पाहुणे अंगाला पांढरी वस्त्रे बांधून पिठाशी झटापट करीत असलेले दिसतात. दोन-तीन तासांचा हा वर्ग असतो. आधी पास्ता करावयाचा, मग पेयांची मिश्रणे करावयास शिकावयाचे आणि शेवटी आपणच केलेले सर्वांनी एका मेजावर बसून खावयाचे.

बेळगावच्या टिळकवाडीतील एक निवृत्त दांपत्य अशाच एका वर्गास गेले होते. मुलगी म्युनिकला नोकरीस. तिच्याकडे गेलेले हे दोघे तिच्याच आग्रहावरून आगगाडीने बोलोन्यास आले. वर्गाचे पैसे तिने आधीच भरून टाकलेले होते, त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती. “घरी चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या, आता इथं येऊन पैसे देऊन लाटायच्या का?” हा बाईंचा प्रश्न जिना चढेपर्यंत चालू होता. यजमान मात्र उत्साहात होते, कारण त्यांनी जन्मात लाटणे हाती धरलेले नव्हते.

शिकविणारी स्त्री सत्तरीच्या घरातील होती. बोलोन्यात अशा स्त्रीला ‘स्फोलीना’ म्हणतात. लाटून पातळ केलेल्या पिठाच्या पत्र्याला ‘स्फोल्या’ हे नाव आहे, आणि ती लाटणारी ती स्फोलीना. तिच्यापुढे एक रुंद लाकडी फळी आणि जवळजवळ हातभर, किंबहुना त्याहूनही लांब असे सरळ लाटणे होते. प्रमाण सोपे आहे. १०० ग्रॅम मैद्यास १ अंडे. पाणी नाही, मीठ नाही. मैद्याचे आळे करून त्यात अंडी फोडावयाची, काट्याने कडेकडेचे पीठ ओढीत कालवावयाचे आणि मग तळहाताच्या टाचेने दहा-पंधरा मिनिटे मळावयाचे. त्यानंतर गोळा झाकून अर्धा तास विसाव्यास ठेवावयाचा. पीठ मळले की त्यातील चिकट धागे ताठरतात. विसावा मिळाला म्हणजे ते सैल पडतात आणि पीठ लाटण्याला विरोध करीत नाही. ज्याने हा अर्धा तास वाचविला त्याची पोळी लाटता लाटता मागे आक्रसते. आपल्याकडे पुरणपोळीची कणीक तिंबून ठेवतात त्यामागे हेच कारण आहे, हे श्रोतृवर्गातील भगिनींना सांगावयास नकोच.

स्फोल्या किती पातळ हवी? बोलोन्याचे लोक म्हणतात, तिच्यातून सान लूका दिसले पाहिजे. सान लूका हे शहराबाहेरील टेकडीवरचे मातेचे देवालय. पोळी उचलून खिडकीपाशी धरावी आणि पलीकडची टेकडी ओळखता यावी, एवढी ती विरळ हवी. हा झाला लोकांचा हिशेब. विद्वानांचा हिशेब याहून गंमतीचा आहे. १९७२ साली इटलीच्या पाकशास्त्र अकादमीने ‘ताल्यातेल्ले’ या फितीसारख्या पास्त्याचे अधिकृत माप बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात नोंदविले. शिजविलेल्या फितीची रुंदी ८ मिलिमीटर असावी, म्हणजेच शहरातील प्रसिद्ध आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग! मनोरा सत्त्याण्णव मीटरांहून थोडा उंच आहे. भागाकार करून पाहिल्यास उत्तर जवळजवळ बरोबर येते. या मापाचा सोन्याचा एक नमुनाही तेथे ठेवलेला आहे. थट्टा आणि अभिमान यांचे मिश्रण कोणत्या प्रमाणात करावे, हे त्या शहराला चांगले कळते असे दिसते.

मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणला, ही समजूत आपल्याकडेही पोहोचलेली आहे. ती खरी नाही. मार्को पोलो १२९५ साली व्हेनिसला परतला. जेनोआ येथील १२७९ च्या एका मालमत्तेच्या यादीत मकरोनीने भरलेल्या टोपलीची नोंद आहे. त्याच्याही आधी, ११५४ साली, सिसिलीच्या राजदरबारातील अरब भूगोलवेत्ता अल्-इद्रीसी याने पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी पिठाचे धागे करून ते जहाजांनी दूरदूर पाठविले जातात, असे लिहून ठेविले आहे. वाळविलेला पास्ता हा दक्षिणेचा. तेथे कठीण गव्हाचा रवा आणि पाणी एवढेच लागते. आपल्याकडचा बन्सी गहू तो याच जातीचा. अंड्याचा मऊ, ताजा पास्ता हा उत्तरेचा. एकाच देशात ही दोन कुळे शेजारी नांदतात, आणि दोन्हीकडच्या आजीबाई दुसरीकडच्या पास्त्याविषयी फारसे चांगले बोलत नाहीत.

बेळगावच्या बाईंना हा भेद उपयोगी पडला. त्या अंडे खात नाहीत. मुलीने ते आधी कळविले होते, तरी शिकविणारी क्षणभर गोंधळली. अंड्यावाचून पास्ता, हे बोलोन्यात म्हणजे पुरणावाचून पोळी. पण तिने फडताळातून रव्याची पिशवी काढली, कोमट पाण्यात एक लहान गोळा मळून दिला आणि हवे ते करा अशी खूण केली. यजमान आपल्या लांब लाटण्याने नकाशातील गोव्यासारखा काहीतरी आकार तयार करण्यात गुंतले होते. बाई कोपऱ्यात बसल्या. त्यांनी गोळ्याची बारीक वात केली, आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत तिचे टोक फिरवून फिरवून गव्हाएवढे दाणे ताटात पाडावयास सुरुवात केली. बोटे आपोआप चालली होती.

शिकविणारी दुसऱ्या एका पाहुण्याची पोळी सावरता सावरता थांबली. ताटाशी वाकून तिने विचारले, हे काय? वर्गातील दुभाषी मुलगी पुढे आली. बाईंनी सांगितले, “हे गव्हले. आमच्याकडं लग्नात करतात. याची खीर होते.” मग ओघाने आणखी सांगितले की याच पिठाचे नखुले होतात, मालत्या होतात, आणि फणीवर वळवून रेघांच्या फणुल्या होतात. ‘फणी’ या शब्दाचे भाषांतर होताच ती वृद्धा एकदम आतल्या खोलीत गेली आणि एक जुनी लाकडी चौकट घेऊन आली. चौकटीवर फणीसारखे दाते होते. हिला तेथे ‘पेत्तिने’ म्हणतात, म्हणजे फणीच. रोमान्या प्रांतातील स्त्रिया मागावरच्या फणीवर पिठाचे चौकोनी तुकडे काडीने गुंडाळून ‘गार्गानेल्ली’ नावाचा रेघांचा पास्ता करीत आल्या आहेत. दोन स्त्रिया, एक फणी आणि दोन भाषा. दुभाषी मुलीला नंतरची पंधरा मिनिटे काही काम उरले नाही.

“आणि मालत्या कशा करतात?” असे शेवटी तिने विचारले. बाईंनी पिठाचा तुकडा हाती घेतला, वळविला, पुन्हा वळविला आणि खाली ठेवला. त्यांना ते येत नव्हते. गव्हले तेवढे त्या सासूबाईंपाशी बसून शिकल्या होत्या. बाकीचे प्रकार घरातील शेवटच्या लग्नात सासूबाईंनी एकटीनेच केले, कारण सुनेची शाळा होती, परीक्षेचे पेपर तपासावयाचे होते. पुढच्या लग्नाला विकतचे आणले. शेवयांचा पाट माळ्यावर गेला तो गेलाच.

घरोघरच्या अशा विद्येचे काय होते, हा प्रश्न इटलीसही नवा नाही. पेल्लेग्रीनो आर्तूसी या गृहस्थाने १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने एक पाकपुस्तक छापले, आणि पुढील वीस वर्षे तो त्यात भर घालीत राहिला. पाककृती पावणेपाचशेंवरून ७९० झाल्या. नाव आर्तूसीचे, पण चुलीपाशी उभे राहून त्या कृती करून पाहणारी त्याची स्वयंपाकीण मारिएत्ता साबातीनी आणि स्वयंपाकी फ्रान्चेस्को रुफिल्ली ही दोघे होती. १९११ साली मरताना आर्तूसीने पुस्तकाचे हक्क या दोघांच्या नावे करून ठेविले. मालकांच्या मृत्युपत्रांत अशी उदाहरणे थोडीच सापडतील. त्याच्या जन्मगावी, फोर्लिम्पोपोली येथे, २००७ पासून ‘कासा आर्तूसी’ ही संस्था चालते. तेथे हाताने पास्ता शिकविणाऱ्या स्त्रिया स्वतःस ‘मारिएत्ते’ म्हणवितात.

मात्र पाहुण्यांची गर्दी वाढली की विद्येचे दुकानही होते. दक्षिणेकडील बारी शहराच्या जुन्या भागात घराच्या दारात बसून कानाच्या पाळीसारखा ‘ओरेक्किएत्ते’ पास्ता वळणाऱ्या स्त्रियांची एक गल्लीच आहे. छायाचित्रे काढावयास जग लोटते. अलीकडच्या वर्षांत तेथे वाद उठला तो दोन गोष्टींवरून. दारात विकल्या जाणाऱ्या पास्त्याला आरोग्याचे आणि नोंदणीचे नियम लावावेत की नाही, आणि हातचा म्हणून विकला जाणारा सारा माल खरोखर हातचा असतो की कारखान्यातला. प्रवाशाला हे ओळखता येत नाही. ज्याने स्वतः एकदा तरी पीठ हाती धरले आहे त्याला थोडेफार ओळखता येते, आणि वर्गाचा हा एक फायदा खराच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन स्वयंपाकाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद झाली. आपली दिवाळीही त्याच बैठकीत त्या यादीत गेली. नोंद झाली म्हणून कोणाची सून सासूजवळ बसू लागेल, असे मात्र नाही.

आता पेयांविषयी. काही श्रोत्यांना हा भाग नको असेल, बडोद्याच्या श्रोत्यांना तर कायद्यानेच नको असावा. तरी इटलीत तो जेवणाचा उपोद्घात मानला जातो, म्हणून टाळता येत नाही. ‘आपेरितीवो’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘उघडणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. भूक उघडावी म्हणून घ्यावयाचे ते पेय. ते कडू असते, त्यात वनस्पतींची मुळे आणि संत्र्याची साल यांचा अर्क असतो. उत्तरेकडे ऑस्ट्रियाचे राज्य असताना तेथील शिपायांना व्हेनेतोतील द्राक्षासव तीव्र वाटे, म्हणून ते त्यात पाणी शिंपडून घेत. त्यावरून ‘स्प्रित्स’ हा शब्द रूढ झाला असे मानतात. आजचा नारिंगी स्प्रित्स करावयाचा तर फेसाळ प्रोसेक्को ९० मिलिलिटर, १९१९ साली पादोव्हा येथे प्रथम विक्रीस आलेले आपेरोल ६० मिलिलिटर, आणि सोड्याचा एक शिडकावा. त्याच साली फ्लॉरेन्समध्ये काउंट कामिल्लो नेग्रोनी याने आपल्या नेहमीच्या पेयात सोड्याऐवजी जिन घालावयास सांगितली, अशी कथा आहे. कांपारी, गोड व्हर्मूथ आणि जिन, तिन्ही समान, प्रत्येकी ३० मिलिलिटर, वर संत्र्याची फोड. हे नेग्रोनी. सोड्यातील पाणी गेले आणि जागी दारू आली, तेव्हा ते दोन पेल्यांवर नेऊ नये हे उघड आहे. प्रमाण आणि संयम दोन्ही शिकविले जातात, निदान चांगल्या वर्गात. ज्याला मद्य नको त्याला तोच कडवट रस मद्यावाचून मिळतो, आणि त्याबद्दल कोणी भुवई उंचावीत नाही. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्यात येणाऱ्या पाहुण्यांना भट्टीपाशी नेऊन ती कशी उतरवितात हे दाखविण्याचे उपक्रम आता होऊ लागले आहेत. तेथेही असाच मापाचा पेला हाती दिला गेला तर बरे.

बोलोन्यात सात वाजले होते. बेळगावात साडेदहा. सासूबाई रात्री उशिरापर्यंत जाग्या असतात हे ठाऊक असल्याने बाईंनी भ्रमणध्वनी लावला. पडद्यावर चौऱ्याऐंशी वर्षांचा चेहरा फार जवळ आला.

“आई, हे बघा, मी गव्हले केलेत.”

“कुणाचं लग्न?”

“लग्न नाही. शिकायला आलोय. यांना मालत्या बघायच्या आहेत, आणि मला येत नाहीत.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, “पीठ झाकून ठेवलंस ना?” दुभाषी मुलीने तो इटालियनमध्ये सांगताच स्फोलीनाने दोन्ही हात वर करून मान डोलाविली. तीन तासांत तिने हेच वाक्य किमान वीस वेळा उच्चारले होते.

“फोनवर कसं सांगू? बोटं दिसायला हवीत,” सासूबाई म्हणाल्या. “आल्यावर दाखवते. पण लवकर या. डाव्या डोळ्याचं आता काही खरं नाही. आणि पाट खाली काढायला सांग त्याला, त्याचा एक पाय सुटलाय.” इतके बोलून त्यांची दृष्टी मुलाकडे वळली. “ते तांबडं काय रे तुझ्यापुढं?”

“संत्र्याचं सरबत, आई.”

“मग मी विचारल्यावर मागं का सारलंस?”