स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे घराबाहेरील जीवन

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण घरोघरी सहज उच्चारली जाते, आणि तिने पुष्कळ अनर्थ केला आहे. वार्धक्य आले की बुद्धी जावयाचीच, असे एकदा मानले म्हणजे उपचाराचा व सोबतीचा प्रश्नच उरत नाही. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार होय. त्याच्या एका प्रमुख प्रकाराचे वर्णन जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढील सुमारे ८८ लक्ष लोकांना, म्हणजे शंभरांत सातांहून थोड्या अधिकांना, तो जडलेला आहे. उरलेल्या ब्याण्णवांना तो नाही. तेव्हा म्हण खोटीच ठरते.

हुबळीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. रोज पहाटे सिद्धारूढ मठात जाऊन येण्याचा त्यांचा परिपाठ. एके दिवशी परतताना वाट चुकते. कोणी ओळखीचा मनुष्य त्यांना घरी आणून पोचवितो. दुसऱ्या दिवसापासून दाराला कडी लागते. हेतू वाईट नसतो. परंतु चालणे थांबते, झोप बिघडते, सायंकाळी अस्वस्थता वाढते, आणि स्वतःच्याच घरात बसून ते 'मला घरी जायचे आहे' असे म्हणू लागतात. समाचाराला येणारे हळूहळू येईनासे होतात. घरच्यांना, खरे सांगावयाचे तर, लाजही वाटू लागते. त्याच कडीने सूनबाईंचेही बाहेर जाणे बंद होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

या विकारात बहुधा ताज्या घटनांची स्मृती आधी जाते. अंगवळणी पडलेल्या गोष्टी पुष्कळ काळ टिकतात. सकाळी काय खाल्ले हे सांगू न शकणारा मनुष्य भजनात अचूक टाळ धरतो, पंगतीत पानाभोवती पाणी फिरवितो. त्यामुळे मठासारखे परिचित स्थान अशा वृद्धाला अजूनही आपले वाटू शकते. मात्र तेथे नेण्यास महाशिवरात्रीच्या रथोत्सवाची गर्दी निवडू नये. साधा वार, सकाळची वेळ आणि नित्याचीच वाट असावी. चष्मा व श्रवणयंत्र विसरू नये. खिशात नाव व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. चपला काढण्याच्या जागी घाई करू नये; तेथेच पुष्कळांचा गोंधळ उडतो. आणि भेटणाऱ्यांनी 'ओळखलंत का मला?' अशी परीक्षा घेऊ नये. आपले नाव आपणच सांगून नमस्कार करावा.

गोंधळ एकाएकी वाढला तर मात्र तो वयावर ढकलू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा एखादे औषधही त्याचे कारण असू शकते. वैद्याला त्वरित दाखवावे. मनोविकारांवरील उपचारांची परंपरा धारवाडात १८४५ पासूनची आहे. तेथील मानसिक आरोग्य संस्थेची पायरी चढण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

१९२९ साली समाधिस्थ झालेल्या श्रीसिद्धारूढांच्या या नगरीत अन्नदासोहासाठी सेवेकऱ्यांची वाण पडत नाही. त्यांतील दोघांनी आठवड्यातून दोन सकाळी अशा वृद्धाच्या दारी जावे, त्यांच्या बरोबरीने, त्यांच्याच गतीने मठापर्यंत चालावे, आणि प्रसाद घेऊन परत आणून सोडावे. तेवढा वेळ सूनबाईंनी कोठे जावे, हे त्यांचे त्या ठरवितील.